विजयदुर्गचे कट्टे आणि सूर्यांतला वायु

वाघोटन खाडीच्या मुखाशीं विजयदुर्गाचा किल्ला उभा आहे. शिलाहारांपासून आंग्र्यांपर्यंतचा त्याचा इतिहास बहुतेकांच्या परिचयाचा आहे. १७५६ सालीं वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं तो आंग्र्यांकडून जिंकून घेतला, हेंहि आपण शाळेंत शिकलों आहों. परंतु या किल्ल्यांत आणखी एका इतिहासाची खूण आहे, आणि तिचा तोफांशीं किंवा गलबतांशीं कांहीं संबंध नाहीं. किल्ल्यांत कांहीं चौथरे दिसतात. गांवकरी त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. हा साहेब म्हणजे इंग्रज ज्योतिर्विद सर नॉर्मन लॉक्यर. सूर्याचें खग्रास ग्रहण पाहण्याकरितां आणलेलीं उपकरणें या कट्ट्यांवर उभारलीं होतीं.

या कट्ट्यांविषयीं एक कथा सर्वत्र सांगितली जाते. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं लॉक्यरसाहेबांनीं येथूनच ग्रहण पाहिलें आणि सूर्यावर हेलियम नांवाचा नवा वायु शोधून काढला, अशी ती कथा आहे. त्या तारखेस किल्ल्यावर हेलियम दिनहि साजरा होतो. विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांत होता, तो आतां सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. तेव्हां दोन्ही जिल्ह्यांतील लोकांस या कथेचा अभिमान वाटावा, हें स्वाभाविक आहे. पण ही कथा जशी सांगितली जाते तशी खरी नाहीं. तिच्यामागें जी खरी हकीकत आहे ती मात्र अभिमान बाळगण्याजोगीच आहे. आज ती हकीकत आपणांपुढें मांडावयाची आहे. ती नीट उमगण्यासाठीं प्रथम सूर्याकडे न पाहतां आपल्या घरांतील चुलीकडे पाहिलें पाहिजे.

चुलीवर आधण ठेवलें कीं पाणी तापूं लागतें. त्यांत तापमापक बुडविला तर पारा चढत चढत शंभर अंशांपर्यंत जातो आणि तेथें थांबतो. खालीं लांकडें जळतच असतात, जाळ तिळभरहि कमी झालेला नसतो, तरी पारा एक रेघभरहि वर सरकत नाहीं. मग ती सर्व उष्णता जाते कोठें? हा साधा दिसणारा प्रश्न स्कॉटलंडमधील ग्लासगो येथें जोसेफ ब्लॅक या रसायनशास्त्रज्ञांनीं १७६० नंतरच्या एकदोन वर्षांत कसोशीनें सोडविला. ती उष्णता पाण्याला अधिक ऊन करण्यांत खर्च होत नाहीं, पाण्याची वाफ करण्यांत खर्च होते, असें त्यांनीं दाखवून दिलें. एक ग्रॅम बर्फाचें पाणी करण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५४० कॅलरी लागते. या दोन्ही वेळीं तापमान आहे तेथेंच राहतें. तापमापकाला न दिसणाऱ्या या उष्णतेला गुप्त उष्णता असें नांव मिळालें.

याचें कारण पदार्थाच्या घडणींत आहे. घन पदार्थांत कण एकमेकांना घट्ट धरून आपापल्या जागीं थरथरत असतात. द्रवांत ते एकमेकांस न सोडतां इकडून तिकडे सरकतात. वायूंत ते एकमेकांचा हात सोडून मोकळे होतात. हा हात सोडविण्यास जी शक्ति लागते तीच गुप्त उष्णता होय. वाफेचें पुन्हा पाणी होतें तेव्हां हीच उष्णता परत मिळते. उकळत्या पाण्यापेक्षां वाफेनें हात अधिक पोळतो तो यामुळेंच.

आपल्या घरांत या गोष्टीचे दाखले हवे तितके आहेत. कोंकणांत वर्षभर पातळ राहणारें खोबरेल पुण्याच्या थंडींत बाटलींत थिजतें. कोकमाच्या बियांपासून काढलेलें मुठेल मुठीएवढ्या घट्ट गोळ्यांच्या रूपानें येतें, आणि भेगाळलेल्या टांचेवर चोळलें कीं अंगच्या उबेनें विरघळूं लागतें. देव्हाऱ्यांतील कापूर तर मधली पायरीच गाळतो. तो घनाचा द्रव न होतां एकदम हवेंत उडून जातो. आणखी एक गोष्ट महाबळेश्वरास जाणाऱ्या गृहिणींच्या ध्यानांत आली असेल. तेथें डाळ लवकर शिजत नाहीं, कारण तेथें पाणी शंभर अंशांपर्यंत न जातां सुमारे ९५ अंशांवरच उकळूं लागतें. डोंगरावर हवेचा दाब कमी, म्हणून वाफेला मोकळें होणें सोपें.

या सगळ्यांतून दोन गोष्टी लक्षांत ठेवूं. तापमापक जेथें थांबतो तेथें पदार्थाची स्थिति बदलत असते, ही पहिली. दाब कमी झाला कीं कणांना सुटणें सोपें जातें, ही दुसरी. विजयदुर्गाच्या कथेला पुढें या दोन्हींची गरज लागणार आहे.

आतां सूर्याकडे वळूं. चुलीच्या जाळांत चिमूटभर मीठ टाकलें तर जाळ पिवळा होतो. मिठांतील सोडियमचा हा रंग. जर्मनींतील किर्खोफ आणि बुन्सेन यांनीं १८५९-६० च्या सुमारास हें सिद्ध केलें कीं, तापलेल्या वायूच्या रूपांतील प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठराविक रंगांचा प्रकाश देतें. तो प्रकाश लोलकांतून पाठविला असतां वर्णपटांत ठराविक जागीं तेजस्वी रेषा उमटतात. एका मूलद्रव्याच्या रेषा दुसऱ्याच्या रेषांशीं जुळत नाहींत. त्यामुळें कोट्यवधि मैलांवरच्या सूर्यांत कोणते पदार्थ आहेत हें घरबसल्या वाचतां येऊं लागलें. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशांत एकमेकींस खेटून दोन रेषा असतात. त्यांना शास्त्रज्ञ ‘डी’ रेषा म्हणतात.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळीं ही विद्या अगदीं नवी होती. हिंदुस्थानांत त्या दिवशीं पांच मिनिटांहून अधिक वेळ खग्रास स्थिति राहणार होती, आणि ग्रहणाचा पट्टा कोंकण किनाऱ्यावरून विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा पूर्वेकडे जाणार होता. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानांत लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनीं दुर्बीण लावली. प्रख्यात ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांचे हे पुत्र. गुंटूर येथें मेजर टेनंट होते, आणि तेथेंच फ्रान्सहून आलेले पिएर जान्सेनहि होते. मछलीपट्टणास मद्रासच्या वेधशाळेचे पॉगसन होते. सूर्यबिंब झांकलें गेलें तेव्हां त्याच्या कडेवर लालसर ज्वालांची तेजःशृंगें दिसलीं. वर्णपटदर्शकांतून पाहतां त्यांच्या प्रकाशांत तेजस्वी रेषा स्पष्ट दिसल्या. याचा अर्थ, ही शृंगें तप्त वायूचीं होतीं. हर्शेल यांना जमखंडीस ढगांच्या फटींतून तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तीन रेषा दिसल्या. नारिंगी रेषा सोडियमचीच असावी, असें त्यांनीं धरलें.

जान्सेन यांना त्या रेषा इतक्या तेजस्वी वाटल्या कीं, ग्रहण नसतांनाहि त्या दिसल्या पाहिजेत, असें त्यांच्या मनानें घेतलें. दुसऱ्या दिवशीं, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या लख्ख उन्हांत त्यांनीं त्या खरोखरच पाहिल्या. तिकडे लंडनमध्यें युद्धखात्यांतील एक कारकून फावल्या वेळांत सूर्याचा अभ्यास करीत असे. त्याच्या डोक्यांतहि दोन वर्षांपासून हीच कल्पना होती, परंतु उपकरण तयार होण्यास उशीर लागला. तें ऑक्टोबरांत हातीं आलें, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजीं त्याला ग्रहणाशिवाय त्या रेषा दिसल्या. हा कारकून म्हणजेच नॉर्मन लॉक्यर. जान्सेन यांचें हिंदुस्थानांतून निघालेलें पत्र आणि लॉक्यर यांचें निवेदन हीं दोन्ही पॅरिसच्या विज्ञान अकादमींत २६ ऑक्टोबरच्या एकाच बैठकींत येऊन पोंचलीं. पुढें १८७२ सालीं फ्रेंच सरकारनें दोघांच्या प्रतिमा असलेलें पदक काढलें.

तेव्हां १८६८ च्या ऑगस्टांत लॉक्यर विजयदुर्गावर नव्हते. ते इंग्लंडांत होते. थोडा विचार केला तर हें उघड आहे. ऑगस्टांत कोंकण किनाऱ्यावर धो धो पाऊस असतो. समुद्रावरून येणारे ढग आकाश झांकून टाकतात. ग्रहण पाहण्यास हजारों मैलांवरून येणारा कोणता ज्योतिषी त्या दिवसांत विजयदुर्ग निवडील? मग कट्ट्यांची कथा १८६८ सालाशीं जोडली कशी गेली? १८६८ आणि १८९८ या दोन सालांत एकाच आंकड्याचा फरक आहे, आणि दोन्ही सालीं ग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला होता. त्यामुळें एका ग्रहणाचें श्रेय दुसऱ्याच्या स्थळास चिकटलें, असें दिसतें.

लॉक्यर यांनीं त्या पिवळ्या रेषेची जागा काटेकोरपणें मोजली. ती सोडियमच्या दोन्ही रेषांपासून किंचित् दूर होती. तिला ‘डी-तीन’ असें नांव पडलें. ही रेषा हायड्रोजनची तर नव्हे ना, असा संशय प्रथम घेण्यांत आला. लॉक्यर आणि त्यांचे मित्र, रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड, यांनीं प्रयोगशाळेंत हायड्रोजनवर कमीअधिक दाब देऊन पाहिलें, पण तशी रेषा कांहीं केल्या उमटेना. पृथ्वीवर न सांपडलेलें एखादें मूलद्रव्य सूर्यावर असलें पाहिजे, असा तर्क निघाला. ग्रीक भाषेंत सूर्याला ‘हेलिओस’ म्हणतात, त्यावरून हेलियम हें नांव आलें आणि १८७१ सालीं तें जाहीर सभेंत उच्चारलें गेलें. पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनीं या कल्पनेची थट्टा केली. ज्याला कोणीं हातांत धरलें नाहीं, कुपींत भरलें नाहीं, त्याला केवळ एका पिवळ्या रेषेवरून मूलद्रव्य म्हणावयाचें कसें? हा आक्षेप अगदींच अयोग्य होता असें नाहीं.

त्याचें उत्तर मिळण्यास सत्तावीस वर्षें लागलीं. १८९५ च्या मार्चमध्यें विल्यम रॅम्से यांनीं लंडनमध्यें क्लेव्हाइट नांवाच्या युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया केली आणि निघालेला वायु विजेनें प्रकाशित करून पाहिला. त्याच्या वर्णपटांत एक झळझळीत पिवळी रेषा होती, आणि ती सोडियमची नव्हती. विल्यम क्रुक्स यांनीं तिची जागा मोजून खात्री दिली. सूर्यावरचा वायु पृथ्वीवरच्या दगडांत सांपडला होता. युरेनियमासारखीं द्रव्यें हळूहळू विघटन पावतांना हा वायु निर्माण होतो, हें त्यानंतर कांहीं वर्षांनीं कळलें.

आणि मग आलें १८९८ साल. २२ जानेवारी रोजीं पुन्हा एक खग्रास ग्रहण महाराष्ट्रावरून जाणार होतें, आणि या खेपेस ऋतु अनुकूल होता. जानेवारींत कोंकणचें आकाश निरभ्र असतें. मुंबई इलाख्यांत प्लेगनें थैमान घातलेलें असतांहि देशोदेशींचे ज्योतिषी येथें उतरले. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीं तळ दिला. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगांववाला यांनींहि आपला तळ जेऊरासच दिला. या निरीक्षणांत आपल्या लोकांचा हात नव्हता असें समजूं नये. विदर्भांत तळणी आणि पुलगांव येथेंहि इंग्रज निरीक्षकांच्या तुकड्या होत्या.

लॉक्यर यांनीं विजयदुर्ग निवडला. ते आतां कारकून नव्हते. ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकाचे ते संस्थापक-संपादक होते, आणि आदल्या वर्षीं त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला होता. हिंदुस्थानांतील हें त्यांचें पहिलें ग्रहणहि नव्हे. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाकरितां ते मलबार किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यावर येऊन गेले होते. समुद्रकांठचा किल्ला ही जागा त्यांना सोयीची होती, कारण अवजड यंत्रें जहाजानें थेट तटाखालीं आणतां येत. विजयदुर्गाच्या वेळीं ‘मेल्पोमीन’ हें आरमारी जहाज कॅप्टन चिझम-बॅटन यांच्या हुकुमतीखालीं त्यांच्या मदतीस आलें होतें. त्यावरील खलाशांना ग्रहणाची तालीम देण्यांत आली. किरीटाचीं चित्रें काढणें, वेळ मोजणें, तापमान टिपणें अशीं कामें त्यांच्यांत वांटून दिलीं होतीं. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक पेडलर आले होते. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांचे हे गुरु. लॉक्यर यांचे सहायक आल्फ्रेड फाउलर हेहि आले होते. हें शेवटचें नांव लक्षांत ठेवावें. तें पुन्हा येणार आहे.

सुमारे दोन मिनिटांचें ग्रहण आणि त्यासाठीं कित्येक दिवसांची तयारी. मुख्य उपकरण होतें लोलक बसविलेला कॅमेरा. सूर्यबिंब पूर्ण झांकलें जाण्याच्या क्षणीं त्याच्या कडेवरच्या वायूंचा पातळ थर तेवढा उघडा राहतो. लोलकांतून पाहतां त्या थराच्या प्रत्येक रंगाची एक एक चंद्रकोर फुटलेल्या बांगडीच्या तुकड्यासारखी वेगळी उमटते. कोणता वायु किती उंचीपर्यंत पोंचला आहे, हें त्या कोरींच्या लांबीवरून ठरवितां येतें. यांत हेलियमच्याहि कोरी होत्या. १८६८ सालीं पिवळी रेषा हें एक कोडें होतें. १८९८ सालीं प्रयोगशाळेंतील नळींत भरलेल्या हेलियमच्या रेषा आणि सूर्यावरील रेषा एकमेकींशेजारीं ठेवून पाहतां येत होत्या. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला नाहीं, हें खरें. परंतु ज्यानें तीस वर्षांपूर्वीं त्या अज्ञात मूलद्रव्याची बाजू घेतली होती, त्यालाच तें ओळखीचें झाल्यावर ग्रहणांत पुन्हा पाहण्याची संधि येथें मिळाली. हा मान कमी नाहीं.

हेलियमची पुढची कथा सूर्य सोडून थंडीकडे जाते. प्राणवायु, नत्रवायु, हायड्रोजन यांना कोणत्याहि दाबाखालीं द्रव करतां येत नाहीं, असें दीर्घकाळ वाटत होतें. त्यांना ‘कायमचे वायु’ म्हणत. नुसता दाब देऊन भागत नाहीं, आधीं वायूला एका ठराविक तापमानाखालीं उतरवावें लागतें, हें थॉमस अँड्र्यूज यांनीं १८६९ सालीं दाखविलें आणि वाट मोकळी झाली. १८७७ सालीं प्राणवायूचे थेंब मिळाले. विजयदुर्गाच्या ग्रहणानंतर चारच महिन्यांनीं, १० मे १८९८ रोजीं, जेम्स डेवर यांनीं लंडनमध्यें शून्याखालीं २५३ अंशांवर हायड्रोजनचा द्रव केला. आतां उरला एकटा हेलियम.

तो हाताशीं येण्यास आणखी दहा वर्षें गेलीं. हॉलंडमधील लायडेन येथें हाइक कामर्लिंग ओनेस यांनीं १० जुलै १९०८ रोजीं पहांटेपासून यंत्रें चालविलीं. द्रव हवेनें हायड्रोजन थंड केला, द्रव हायड्रोजननें हेलियम थंड केला. सायंकाळ झाली तरी द्रव दिसेना. तापमापक मात्र एका जागीं खिळून राहिला होता, तो खालीं उतरतच नव्हता. पाहण्यास आलेल्या एका प्राध्यापकानें सुचविलें कीं, तापमापक थांबला आहे तो कदाचित् उकळत्या द्रवांत बुडालेला असल्यामुळें असेल. खालून प्रकाश पाडून पाहिलें, तों द्रवाची कड स्पष्ट दिसली. काचेच्या पात्रांत सुमारे ६० घन सेंटिमीटर द्रव हेलियम केव्हांच जमला होता. आपल्या आधणाचा नियम शून्याखालीं २६९ अंशांवरहि तसाच चालत होता.

मात्र या द्रवाची गुप्त उष्णता पाहिली कीं आश्चर्य वाटतें. एक ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास ५४० कॅलरी लागतात, तर एक ग्रॅम द्रव हेलियमचा वायु करण्यास अवघ्या पांच. हेलियमचे अणु एकमेकांचा हात जवळजवळ धरीतच नाहींत. म्हणूनच साध्या दाबाखालीं कितीहि थंड केला तरी हेलियम घन होत नाहीं. १९२६ सालीं कीसोम यांनीं भारी दाब देऊन तो घन केला. आणखी थंड केल्यावर, शून्याखालीं सुमारे २७१ अंशांवर, हा द्रव एका निराळ्याच स्थितींत जातो आणि अतिसूक्ष्म छिद्रांतूनहि अडथळ्याशिवाय वाहतो, हें १९३८ सालीं उघड झालें.

आतां एक प्रश्न राहतो. सूर्यावर जो ग्रहणांत इतका झळकतो, तो हेलियम इतर वेळीं सूर्याच्या साध्या प्रकाशांत आपली खूण कां ठेवीत नाहीं? आणि पृथ्वीवर तो द्रव होण्यास इतका नाखूष कां? या दोहोंचें मूळ एकच आहे. हेलियमच्या अणूंत दोनच इलेक्ट्रॉन असतात, आणि ते केंद्राशीं अतिशय घट्ट बांधलेले असतात. सोडियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन थोड्याशा शक्तीनें वरच्या पायरीवर चढतो आणि उतरतांना पिवळा प्रकाश देतो. हेलियमच्या इलेक्ट्रॉनला ज्या पायरीवरून ती पिवळी रेषा निघते तेथवर चढविण्यास सुमारे अकरापट शक्ति लागते. सूर्याच्या पृष्ठभागाची सुमारे साडेपांच हजार अंशांची उष्णता त्याला पुरत नाहीं. त्याच्या वरच्या विरळ आणि अधिक तप्त थरांतच, किरीटाच्या प्रखर किरणांच्या माऱ्याखालीं, हें चढणें घडतें. तो थर उघडा पडण्यास ग्रहण हवें होतें. आणि ज्या घट्टपणामुळें हा अणु सहज उजळत नाहीं, त्याच घट्टपणामुळें तो शेजाऱ्यालाहि आपल्याकडे ओढीत नाहीं. ग्रहणाची पिवळी रेषा आणि लायडेनची कडाक्याची थंडी हीं एकाच स्वभावाचीं दोन दर्शनें आहेत.

या कथेचा शेवटचा भाग पुन्हा हिंदुस्थानांत येतो. लॉक्यर यांना सूर्याच्या आणि ताऱ्यांच्या वर्णपटांत कांहीं रेषा प्रयोगशाळेतल्यापेक्षां फार तीव्र दिसत. अतिशय उष्णतेनें मूलद्रव्येंच फुटत असावींत, असें त्यांचें मत होतें, आणि त्याबद्दल त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. १९२० च्या ऑगस्टांत लॉक्यर वारले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कलकत्त्याच्या मेघनाद साहा यांचा सूर्याच्या रंगावरणाविषयींचा लेख प्रसिद्ध झाला. साहांनीं असें मांडलें कीं, अणूंतून इलेक्ट्रॉन सुटणें ही क्रिया पाण्याची वाफ होण्यासारखी किंवा एखाद्या रासायनिक विघटनासारखीच मानावी, आणि तिला उष्णता व दाब यांचे तेच नियम लावावे. सूर्याच्या वरच्या थरांत दाब अत्यल्प, म्हणून तेथें इलेक्ट्रॉन सहज सुटतात. महाबळेश्वरास पाणी लवकर उकळतें, त्यांतलाच हा प्रकार. लॉक्यर यांचे निरीक्षण बरोबर होतें. फुटत होतें तें मूलद्रव्य नव्हे, तर अणूभोंवतालचें इलेक्ट्रॉनांचें वेष्टन. घन, द्रव आणि वायु यांच्यापुढची ही चौथी स्थिति. तिला आज प्लाझ्मा म्हणतात.

हा लेख लिहिल्यावर साहा लंडनला गेले आणि तेथें एका प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेंत राहून त्यांनीं आपला सिद्धांत ताऱ्यांना लावून पाहिला. ते प्राध्यापक म्हणजे आल्फ्रेड फाउलर. बावीस वर्षांपूर्वीं विजयदुर्गाच्या तटावर ज्यांनीं सूर्याच्या कोरींचीं छायाचित्रें घेतलीं होतीं, तेच हे फाउलर.

आज मोठ्या रुग्णालयांत शरीराच्या आंतलें चित्र घेणारीं चुंबकीय यंत्रें असतात. त्यांतील चुंबक बहुधा द्रव हेलियमांत बुडवून थंड ठेवलेले असतात. ज्या द्रव्याला कोणे एके काळीं केवळ एका पिवळ्या रेषेपलीकडे अस्तित्व नव्हतें, तें असें आपल्या उपयोगीं पडत आहे.

विजयदुर्गास मुलांना घेऊन जाणाऱ्या आईवडिलांस एवढीच विनंती कीं, कट्ट्यांपाशीं उभें राहून तारीख सांगतांना ती २२ जानेवारी १८९८ अशी सांगावी. १८ ऑगस्ट १८६८ चा मान जमखंडी, गुंटूर आणि मछलीपट्टण येथें ढगांतून व उन्हांतून डोळे ताणून पाहणाऱ्यांचा आहे, आणि त्या पिवळ्या रेषेची जागा मोजून हेलियमची शंका प्रथम उभी करण्याचा मान लंडनच्या त्या कारकुनाचा. जो मान आपला नाहीं तो आपण घेतला, तर जो आपला आहे त्याची आठवणहि त्याखालीं दडपून जाते. सूर्यांतल्या वायूची ओळख पटल्यानंतर त्याला ग्रहणांत पुन्हा निरखून पाहण्याचें काम विजयदुर्गाच्या तटावर झालें, आणि त्या तटावर काम केलेल्या फाउलरांच्याच प्रयोगशाळेंत पुढें एका भारतीय शास्त्रज्ञानें आपला सिद्धांत ताऱ्यांपर्यंत नेला. कट्ट्यांची खरी कथा ही आहे, आणि ती मुलांना सांगण्याजोगी आहे.